आडवा स्टोव्ह

वाळवंटात वाळूच्या बादल्या घेऊन जाणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. लाल रंगाच्या दोन बादल्या, काठोकाठ भरलेल्या, वर पांढऱ्या अक्षरांत ‘फायर’ लिहिलेलं. त्या माझ्या डॅटसनच्या डिकीत चढवताना मी विचारलं, “काका, आपण सखीरला चाललोय. तिथे वाळूशिवाय दुसरं आहे काय?”

“वाळू आहे ना,” ते म्हणाले. “पण ती बादलीत नाही.”

यावर पुण्याच्या माणसालासुद्धा उत्तर सुचलं नाही, म्हणजे बघा. मी मुकाट्याने गाडी सुरू केली.

हे गृहस्थ आमच्या कंपनीत सेफ्टी इन्स्पेक्टर होते. कंपनी बांधकामाची कंत्राटं घेणारी, मी तिथे ड्राफ्ट्समन. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहारीनमध्ये जिथे बघावं तिथे काहीतरी उभं राहत होतं, आणि जे उभं राहत होतं ते पेटू नये ही जबाबदारी या एका माणसाने अंगावर घेतली होती. पगार त्याचाच मिळत होता म्हणा, पण नुसत्या पगारासाठी कोणी इतकं करत नाही. रोज सकाळी यार्डाच्या फाटकावर ते उभे राहायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडून काड्यापेटी नाहीतर लायटर काढून घ्यायचे. मग तो गवंडी असो, फोरमन असो, नाहीतर विलायतेहून आलेला साहेब असो. एकदा खुद्द मोठे साहेब पेटता सिगार तोंडात धरून आले. काकांनी तळहात पुढे केला आणि तो सिगार इतक्या अदबीने मागून घेतला, की साहेबाने तो देऊन वर ‘थँक यू’ म्हटलं. सिगार वाळूत विझवताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी पुढे फक्त एकदाच पाहिलं.

मूळचे ते सावंतवाडीच्या बाजूचे. अंगाने काटकुळे, खाकी शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला शिट्टी. कोणाच्या घरी गेले की आधी बाहेर पडायची वाट कुठली ते बघून ठेवणार, मग बसणार. चहा पुढे आला की चहा राहिला बाजूला, हे स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरची नळी वाकवून बघणार. एका सत्यनारायणाला त्यांनी भटजींना समई केळीच्या खुंटापासून हातभर लांब घ्यायला लावली होती. भटजी म्हणाले, “अहो, पूजा आहे ही!”

“म्हणूनच सांगतो,” काका म्हणाले. “देव समोर बसलेला असताना आग लागली तर दोष कोणाला देणार?”

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “आग विचारून येत नाही, म्हणून आपण विचारून लावावी.” खरं तर आगीचं निमित्त होतं, विचारणं हाच त्यांचा धर्म. सनाबिस तेव्हा खजुराच्या बागांमधलं साधं गाव होतं. तिथे एका म्हाताऱ्या हाजींचं घर त्यांनी भाड्याने घेतलं होतं आणि गच्चीवरची खोली मला दिली होती. जेवणही त्यांच्याकडेच. हाजींचे वडील मोत्यांच्या व्यापारात मुंबईला जायचे, त्यामुळे हाजींना कामापुरतं हिंदी यायचं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी काका हाजींना विचारायला जायचे. कॅलेंडरसाठी गेले, आरशासाठी गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हाजींनी दोन्ही हात आकाशाकडे केले. “बाबा, खलास! खीला मारो, दीवार गिराओ, हमको मत पूछो!”

काका परत आले आणि मला म्हणाले, “भिंत पाडायची परवानगी त्यांनी रागाच्या भरात दिली. ती धरता येणार नाही.”

असा हा माणूस. जगाला विचारून विचारून ज्याने भंडावून सोडलं होतं, त्याने एक गोष्ट मात्र एका माणसाला विचारली नव्हती. ते माणूस म्हणजे त्यांची बायको.

काकी बहारीनला पहिल्यांदा आल्या त्या ऐन उन्हाळ्यात, फॅमिली व्हिसा मिळाल्यावर. तोवर लग्नाचा सगळा काळ त्या गावी, हे इकडे. सासू-सासरे, गुरं, शेत हे सगळं काकींनी एकटीने ओढलं. सासू-सासरे गेले, मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा कुठे या दोघांचा एका छपराखाली राहायचा योग आला. तोही अशा ठिकाणी, की खिडकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटावं आणि नळाचं पाणी तोंडात घेतलं तर खारट लागावं. काकी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहायच्या. शेजारच्या बायका हसून हात हलवायच्या, या पदर पुढे ओढायच्या. एकदा मला आमटी वाढता वाढता म्हणाल्या, “माका हयसर जमाचा नाय. हयसर मातयेक वास नाय.”

पुढच्या वैशाखात परत जायचं त्यांनी ठरवूनच टाकलं. पावसाच्या आधी घरी पोचलं म्हणजे शेत कोणाला कसायला न देता स्वतः करता येईल. तसं त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं. मी तिथेच जेवत होतो. वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. नको जाऊ म्हणेल, निदान का जातेस म्हणून विचारेल. काकांनी ताटातलं मीठ बोटाने सारखं केलं आणि म्हणाले, “तुजी मर्जी.”

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. खिळ्यासाठी तीनदा परवानगी मागणारा हा गृहस्थ, आणि इथे नेमकी जीभ टाळ्याला चिकटली!

त्यानंतर काही आठवड्यांनी ते यंत्र घरात आलं.

रिफाला एक इंग्रज इंजिनियर राहायचे. ते कायमचे मायदेशी चालले होते आणि घरातलं सामान ओळखीच्यांना वाटत होते. कोणी पंखा आणला, कोणी गालिचा. काका दोन्ही हातांत धरून एक विचित्र वस्तू घेऊन आले. एक पितळी टाकी, तिला हवा भरायचा पंप, तिच्यातून निघालेली पुरुषभर लांब नळी आणि नळीच्या टोकाला कर्ण्यासारखं तोंड. टाकीत रॉकेल भरायचं, पंप मारायचा, तोंडाशी स्पिरिटचा बोळा पेटवून नळी तापवायची आणि चावी फिरवायची. मग त्या तोंडातून हातभर, दीड हात निळी-पिवळी ज्वाला घोंघावत बाहेर पडते. विलायतेत म्हणे लोक बागेतलं तण जाळायला हे वापरतात. काका म्हणाले, “घाबरायचं काही कारण नाही. हा स्टोव्हच आहे. आडवा.”

“पण तुम्हाला हा कशाला?”

“भाजावळीला.”

भाजावळ म्हणजे काय ते मला पुण्यात कोणी सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी कळलं. भाताची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात पाला, शेण, तोडलेल्या फांद्या पसरून जाळायच्या. तण मरतं, माती भाजून निघते, आणि मग मृगाला तिथे रोपांसाठी भात, म्हणजे तरवा, पेरायचा. कोकणात हे जाळणं झालं नाही तर वर्ष सुरूच होत नाही. आमच्या घरामागे हाजींचा एक रिकामा तुकडा होता, बागेच्या पाटाचं पाणी तिथवर यायचं. पण पाला कुठून आणणार? खजुराच्या झावळ्या हाजींना शेकडो कामांना लागायच्या. तेव्हा पाल्याशिवायच थेट माती भाजायची, असा काकांचा बेत होता. कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांपैकी एकाने तरी न विचारण्याची सवय लावून घ्यायला हवी होती.

तर पहिली चाचणी सखीरला, कारण तिथे जळण्यासारखं काही नाही. आम्ही रस्ता सोडून आत गेलो. काकांनी बादल्या डावी-उजवीकडे ठेवल्या, हातरुमाल धरून वारा पाहिला, शिट्टी वाजवली. कोणासाठी वाजवली, देव जाणे. मैलभर लांब एक उंट उभा होता. काकांनी मला त्याच्या दिशेने पंचवीसएक पावलं पुढे जाऊन उभं राहायला सांगितलं, म्हणजे तो मध्ये आला तर मी अडवायचं. मी उन्हात उंटाकडे तोंड करून उभा राहिलो. पाठीमागे एकदम फुरफुर झाली, मग गर्जना. वळून बघतो तर काका ज्वाला धरून निश्चल उभे, घामाने निथळलेले, आणि चेहऱ्यावर तेच, सिगार विझवतानाचं समाधान.

घरी आल्यावर हाजींची रीतसर परवानगी घेऊन (“बाबा, जला दो, सब जला दो!”) काकांनी मागच्या तुकड्यावर यंत्र चालवलं. दोन वाफ्यांएवढी जमीन भाजून झाली असेल, तेवढ्यात मागचं दार उघडलं. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. किती महिन्यांनी त्या अशा आपणहून बाहेर आल्या होत्या! क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, नाकाने हवा घेतली आणि तरातरा चालत नवऱ्यापाशी गेल्या.

“असो नाय धरूचो. वाऱ्याक पाठ करा. आणि इतको येळ एकाच जाग्यार? माती भाजूची हा, भाकरी नाय.”

असं म्हणून त्यांनी नळी काढूनच घेतली. सेफ्टी इन्स्पेक्टरच्या हातातून पेटतं यंत्र कोणी काढून घेतल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. काका बादल्यांपाशी जाऊन उभे राहिले.

तो हिवाळा आमच्या घराचा चांगला गेला. काकींनी लाल माठ लावला, मिरच्या लावल्या, भेंडी केली, अळूचा एक कंद गावाहून आणवून पाटाच्या कडेला रुजवला. हाजी रोज काठी टेकत यायचे. हाजींचं निम्मं अरबी, निम्मं हिंदी, काकींचं शुद्ध मालवणी. तरी दोघं तासनतास बोलायची. एकदा मी कान देऊन ऐकलं. हाजी सांगत होते की खाऱ्या जमिनीला पाणी थोडं आणि वरचेवर द्यावं. काकी म्हणत होत्या, या माणसाच्या सुना याला वेळेवर जेवायला घालत नसाव्यात. दोघंही एकमेकांना मान डोलावून संमती देत होती.

पण वैशाखाचं जाणं ठरलेलं ते ठरलेलंच होतं. तिकीटही आलं होतं. काकी माठ निवडता निवडता कधीमधी गप्प व्हायच्या, आणि काका लगेच वर्तमानपत्र उघडायचे.

मग आली होळी. तिथल्या मराठी लोकांच्या मंडळाची होळी दरवर्षी कोणाच्या तरी कंपाउंडात व्हायची. त्या वर्षी सुरक्षेची जबाबदारी हौसेने काकांवर टाकली गेली, आणि लोक नंतर पस्तावले. काकांनी होळी तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात घातली. लाकडांची उंची त्यांनी आधी मोजली आणि दोन लाकडं परत काढली. बोंबा मारायला पोरं धावली तर शिट्टी. बायका नैवेद्य घेऊन पुढे आल्या तर “दोन पावलं मागे!” पुरणपोळ्या गार झाल्या. तेव्हा बँकेतले एक साहेब, पार्ल्याचे, इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्यासारखे दिसणारे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “इन्स्पेक्टर, आमची होळी तुम्ही पिंपात घातलीत. आणि ऐकतो ते खरं का, की तुमच्या घरी फ्लेमथ्रोअर आहे? अहो, युद्धात वापरतात ते! सिव्हिलियनला ठेवता येतो तरी का तो?”

लोक हसले. काका हसले नाहीत.  परतल्यावर घराशी गाडीतून उतरताना म्हणाले, “पुणेकर, हे आपण तपासलंच नाही.”

झालं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. काड्यापेटी ठेवता येते, हे सर्वमान्य. स्टोव्ह ठेवता येतो, हेही सर्वमान्य. मग स्टोव्ह आडवा केला तर तो काय होतो? ज्वाला वर गेली तर स्वयंपाक आणि पुढे गेली तर लढाई, असं आहे का? आणि किती पुढे? वीतभर चालते का? हातभर? कुठल्या बोटापाशी स्टोव्ह संपतो आणि शस्त्र सुरू होतं? हे प्रश्न त्यांनी मला विचारले, कंपनीतल्या केरळी स्टोअरकीपरला विचारले, भाजीवाल्याला विचारले. हाजींनाही विचारले.

हाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “किसी ने तुमको पूछा?”

“नहीं.”

“तो तुम क्यों बोलता?”

कायद्याचा इतका सोपा अर्थ मला पुढे कोणा वकिलानेही सांगितला नाही. आम्ही सगळ्यांनी काकांना हेच समजावलं. विचारायला गेलात आणि कोणी ते शस्त्र ठरवलं तर काय होईल? व्हिसा कॅन्सल, पहिल्या विमानाने परत. काकींचा तर फॅमिली व्हिसा, तो तुमच्या व्हिसावरच. काकांना हे सगळं माहीत होतं. भीती वाटत होती, त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. शेवटी मी चिडून म्हणालो, “मग कशाला नसती उठाठेव? द्या ते समुद्रात फेकून!”

“आणि तिने काय करायचं?” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “ते माझ्या हातात नसतं रे. रोज तिच्या हातात असतं. ती काही गुन्हा करते आहे का, हे मला नको कळायला?”

 मी गाडीची किल्ली घेतली.

पहिला पेच असा, की वस्तू दाखवल्याशिवाय परवानगी कशी मागायची, आणि वस्तू शस्त्र असली तर ती परवानगीशिवाय रस्त्याने न्यायची कशी? म्हणून आम्ही यंत्र न घेताच पोलीस चौकीत गेलो. तिथला शिपाई बलुची होता, त्याला उर्दू यायचं.

“चोरी हुई?”

“नहीं,” काका म्हणाले.

“झगड़ा?”

“नहीं. एक चीज़ है. रखने का परमिशन है कि नहीं, यह पूछना है.”

शिपायाने आम्हाला बंदुकांच्या लायसन्सकडे धाडलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, “गोली कहाँ से निकलती है?” काका म्हणाले, “गोली नहीं, आग.” त्याने आम्हाला आगीच्या बंबाकडे धाडलं. तिथे आम्ही फोन लावला, तर पलीकडच्या माणसाने घाबरून विचारलं, “आग कहाँ लगी है?” आणि काकांनी सरळ सांगितलं, “लगी नहीं है. लगानी है.” त्याने फोन आपटला. फिरून आम्ही पुन्हा त्याच बलुची शिपायासमोर. तो वैतागून म्हणाला, चीज़ कशी दिसते त्याचं चित्र तरी आणून द्या, साहेबांना दाखवतो.

चित्र म्हटल्यावर माझ्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. ट्रेसिंग पेपरवर मी असं सुबक ड्रॉइंग केलं, की कंपनीसाठीही कधी केलं नव्हतं. समोरून, बाजूने, मधून कापून. टाकीची मापं, नळीची मापं, आणि तुटक रेघेने ज्वाला, तिच्या टोकाला बाण. खाली चौकटीत काकांच्या आग्रहाखातर ठळक अक्षरांत ‘फ्लेम गन’. “नाव लपवलं असं नको व्हायला,” ते म्हणाले. काम झाल्यावर मी तो कागद जरा लांब धरून बघितला. दोन परदेशी माणसं असलं काही आपणहून पोलिसांना आणून देतात, तर मी पोलीस असतो तर प्रथम मलाच अटक केली असती.

दोन-तीन दिवसांनी पोलिसांची जीप सनाबिसमध्ये आली.

दुपार कलली होती. काकी मागे नवा वाफा मोकळा करत होत्या. त्यांचं जाणं पुढच्या आठवड्यात होतं. जाण्याआधी भाजावळ करून ठेवते, मृगाला तुम्ही तांदूळ पेरा, असं त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. बहारीनमध्ये मृगाला आभाळातून घामाशिवाय काही पडत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात पेरायचं म्हटल्यावर हाजींनी कपाळाला हात लावला होता. पण काकींच्या डोक्यातलं पंचांग काही बदलायला तयार नव्हतं.

जीपमधून एक तरुण अधिकारी उतरला, मागे तो बलुची शिपाई. माझं ड्रॉइंग अधिकाऱ्याच्या हातात होतं. त्याने ड्रॉइंगकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. “शिनू हादा?”

“साहब पूछते हैं, यह क्या है?” शिपाई म्हणाला. “किसका है?”

काकांनी तोंड उघडायच्या आत कुंपणापलीकडून हाजींचा आवाज आला. “मेरा है!” ते काठी टेकत, धापा टाकत आत आले आणि अरबीत अधिकाऱ्याला काहीबाही सांगू लागले. जमीन माझी, घर माझं, म्हणजे ही वस्तूही माझीच, असा एकंदर भाव होता. अधिकाऱ्याचा चेहरा सैल होऊ लागला. माझा जीव भांड्यात पडला.

“नहीं साहब,” काका म्हणाले. “मेरा है.”

हाजींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती नजर मला जन्मभर पुरेल. त्या वेळी मला या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, अभिमानही वाटला.

अधिकाऱ्याने यंत्र चालवून दाखवायला सांगितलं.

“परमिशन नहीं है, साहब,” काका म्हणाले.

शिपायाने सांगितलं की साहेब स्वतःच परमिशन देताहेत.

“लिखके?”

या शब्दाचं शिपायाने भाषांतरच केलं नाही. तो आकाशाकडे बघत राहिला. अधिकारी भुवया चढवून वाट बघत होता, काका हात मागे बांधून ताठ उभे. कपाळावरचा घाम ओघळून डोळ्यात जात होता, पण पुसायचं भान नव्हतं. आता हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं आणि बायकोचं विमान ठरवतो, असं मला वाटलं.

तेवढ्यात काकी पुढे आल्या. “कोण हे? काय म्हणतत?”

“यंत्र चालवून दाखवा म्हणतायत,” मी म्हटलं.

“मगे इतक्याक काय झाला?”

त्यांनी पदर खोचला, पंप मारला, स्पिरिटचा बोळा पेटवला. काकांचा हात शिट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला. गर्जना झाली. अधिकारी दोन पावलं मागे सरला, शिपायाने टोपी धरली. काकींचं लक्षच नव्हतं. वाऱ्याला पाठ करून त्या वाफ्याच्या एका टोकापासून निघाल्या, संथपणे, न थांबता. घरी अंगण सारवताना बायका जशा मागे मागे सरकतात, तशा त्या ज्वाला फिरवत गेल्या.  वाफा झाला, चावी बंद झाली, आणि भाजलेल्या मातीचा वास सगळ्या आवारात भरून राहिला. मग काकींनी बाजूच्या झाडाच्या मूठभर मिरच्या तोडल्या आणि अधिकाऱ्याच्या हातात दिल्या.

“अगो!” काका किंचाळले. “सरकारी माणसाक वस्तू देव नको!”

अधिकारी मात्र मनापासून हसला. त्याने एक मिरची तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिला. मग शिपायाशी बराच वेळ बोलला. शिपायाने घसा साफ केला.

“साहब बोलते हैं, क़ानून में इस चीज़ का नाम नहीं है. ऊपर भेजेंगे तो ऊपरवाले सोचेंगे. सोचेंगे तो मना करेंगे. इसलिए साहब नहीं भेजते. यह मशीन मॅडम के पास रहेगी. मॅडम ही चलाएगी. आप हाथ नहीं लगाएँगे.”

“मैं सेफ्टी इन्स्पेक्टर हूँ!” काका म्हणाले.

शिपायाने विचारलं, उत्तर आलं, त्याने सांगितलं. “साहब बोलते हैं, इसीलिए.”

जीप गेली. हाजी काकांकडे न बघता, पुटपुटत घरी गेले. मी गच्चीवर जाऊन पालथा पडून पोट दुखेस्तोवर हसलो.

संध्याकाळी जेवायला खाली उतरलो तर काकींची ट्रंक खोलीच्या मधोमध उघडी होती. त्या घडी घातलेली लुगडी भरत होत्या. काका दारात उभे होते, अजून कामावरच्या खाकी कपड्यांत. मी जिन्यातच थबकलो. खाली जावं की परत वर, कळेना.

“तुका जावक गावाचा नाय,” काका म्हणाले. आवाज यार्डाच्या फाटकावरचा.

काकींनी वर पाहिलं.

“यंत्र पोलिसांनी तुज्या ताब्यात दिल्यानी हा. तू गेलंस तर ता बेवारशी. मी हात लावलंय तर गुन्हो. म्हणान कायद्यान तुका जावक गावाचा नाय.”

काकींच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. “ह्या कायदो सांगता, की तुमी सांगतास?”

काका दारावर हात टेकवून उभे. मला वाटलं, झालं, आता हा मनुष्य मीठ सारखं करणार आणि मर्जी म्हणणार.  यार्डात पाचशे माणसांसमोर न अडखळणारा तो आवाज मला जिन्यात जेमतेम ऐकू आला.

“मी,” ते म्हणाले. “मी सांगतंय. जाव नको. रव.”

 काकींनी लुगडं ट्रंकेत टाकलं, झाकण लावलं आणि ट्रंक पायाने ढकलून खाटेखाली सारली.

“मगे रॉकेल हाडा,” त्या म्हणाल्या. “संपत इला हा.”